पाणी मुरेपर्यंत

निलांबरी तेलीला त्या काचेच्या टाकीतून काय काय मिळणार होतं, याचा हिशेब मी टाकीत पाणी पडायच्या आधीच करून ठेवला होता. दवाखान्याच्या नव्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दोन्हींत दुपारपर्यंत ऊन. वेगळी न्हाणी. त्या खोल्यांत गावाकडून आणून ठेवायला दम्यानं बेजार झालेली आई. दारावर ‘इनचार्ज’ अशी पाटी. आणि माझ्या कमरेचा अकरा किल्ल्यांचा जुडगा.

बदल्यात तिला फक्त मासे सांभाळायचे होते.

“इकडं घ्या, अजून इकडं. बाकावर बसलेल्या बाईला मान न वळवता दिसले पाहिजेत,” नाडगौडा मॅडम म्हणाल्या. ओपीडी थांबवून त्या स्वतः बाहेरच्या हॉलमध्ये उभ्या होत्या. गडहिंग्लजमधलं त्यांचं प्रसूतिगृह, पंधरा खाटांचं. मी तिथं चौदा वर्षं होते. शिकलेली नर्स नव्हे. हाताखाली राहून शिकलेली. सगळे मला इंदूताई म्हणायचे आणि औषधाच्या कपाटापासून गच्चीच्या दारापर्यंत सगळं माझ्या किल्लीनं उघडायचं.

कोल्हापूरहून टेम्पोतून टाकी घेऊन आलेला अस्लम मुजावर घाम पुसत म्हणाला, “मॅडम, आज नुसतं पाणी भरतो. मोटर चालू राहू दे. मासे महिन्याभरानं सोडू.”

“रिकाम्या टाकीकडं बघून बायकांचं बीपी कसं उतरणार?”

“मग दोन-तीनच सोडतो. बारके, टणक जातीचे.”

“नऊ. आणि सोनेरी. नऊ महिन्यांचे नऊ.” मॅडमचं ठरलेलं होतं. “पाडव्याला वरच्या मजल्याची पूजा आहे. तोवर हा हॉल सजलेला दिसायला हवा.”

महाशिवरात्र आदल्याच दिवशी झाली होती. पाडव्याला जेमतेम महिना होता. अस्लमनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. डॉक्टरांना नाही म्हणायचं नसतं हे त्यालाही ठाऊक असावं.

“हे काम निलांबरीकडं,” मॅडम आत जाता जाता म्हणाल्या. “तिचं सगळं टापटीप असतं.”

चौदा वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी ‘टापटीप’ हा शब्द कधी काढला नव्हता. माझ्याबद्दल त्या म्हणायच्या, “इंदूताई आहेत म्हणून बरं.” असं आपण छत्रीबद्दलही म्हणतो.

निलांबरी येऊन आठ महिने झाले होते. मिरजेला तीन वर्षं शिकलेली, सव्वीस वर्षांची, केस इतके चापून बसवलेले की वाऱ्यालाही त्यात बोट घालता येऊ नये. रोज हिरण्यकेशीच्या काठच्या गावावरून साडेपाचच्या एसटीनं यायची. घराच्या भिंतींना बारमाही ओल, म्हणून आईला धाप लागते, हे तिनं एकदाच सांगितलं होतं, तेही दवाखान्यातल्या आयानं, हौसाबाईनं, खोदून खोदून विचारल्यावर. नवा कायदा आला होता, तपासणीला येणारे साहेब शिकलेली इनचार्ज मागत होते. मॅडमनी अजून कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण वरच्या खोल्यांच्या खिडक्यांना जाळ्या बसवताना त्यांनी निलांबरीला विचारलं होतं, “तुझ्या आईला धुळीचा त्रास होतो ना?” मला कुणी जाळीबद्दल विचारलं नाही.

अस्लमनं टाकी लावून नऊ सोनेरी मासे सोडले तेव्हा निलांबरी प्रसूतीच्या खोलीत अडकली होती. म्हणून तो माझ्या टेबलाशी आला.

“ताई, तेली सिस्टरना एवढं सांगा. हे पाणी अजून कच्चं आहे. मुरायला महिना-दीड महिना जातो.”

“पाणी मुरतं? लोणचं आहे का?”

“तसंच धरा. मासे ज्या पाण्यात राहतात त्यातच मुततात. ते विष असतं, दिसत नाही. पाणी काचेसारखं असलं तरी असतं. मग हळूहळू काही जंतू तयार होतात, ते हे विष खाऊन टाकतात. चांगले जंतू. ते कुठं राहतात? या डबीतल्या स्पंजमध्ये.” त्यानं मोटरजवळची काळी डबी दाखवली. “हा स्पंज म्हणजे विरजणाचं भांडं. ते घासून, उकळून ठेवलं तर दही कशानं लागणार? घाण वाटला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. नळाखाली धरायचा नाही.”

“आणि?”

“जंतू तयार होईपर्यंत रोज दोन बादल्या पाणी काढायचं, दोन बादल्या नवं घालायचं. नवं म्हणजे आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. नगरपालिकेचं औषध उडून जाऊ दे. खायला चिमूटभर, एकदाच. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले तर ती भूक नसते हां, ताई. त्यांचा जीव घुसमटत असतो.”

हे सगळं त्यानं औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोडक्या अक्षरात लिहून दिलं. “तुम्ही सांगाल ना?”

“सांगते.”

मी सांगणारच होते. हे मला इथं लिहून ठेवायचंय. जन्मनोंदीच्या वहीत पुठ्ठा घालून मी चार वाजता मॅडमच्या खोलीकडं निघाले. चारला मॅडमच्या टेबलाशेजारच्या लाकडी स्टुलावर बसून मी चहा घ्यायची. दिवसभरात कोण आलं, कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाचा नवरा दारू पिऊन आला, हे तेव्हा सांगायची. चौदा वर्षांत त्या स्टुलाला माझा आकार आला होता.

स्टुलावर निलांबरी बसली होती. बशीत चहा ओतून पीत होती, आणि मॅडम हसत होत्या.

“या इंदूताई,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा चहा बाहेर पाठवायला सांगितलाय.”

निलांबरी उठायला लागली. “बसा ना ताई.”

“बस ग. मला उभ्यानं बरं वाटतं,” मी म्हणाले, आणि वही काखेत घट्ट धरून परत आले. पुठ्ठा वहीत राहिला. जन्मलेल्यांच्या यादीत.

उद्या सांगू, असं मी म्हटलं. उद्याही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवसापासून मी काही म्हणायचंच सोडलं.

सहाव्या दिवशी सकाळी पहिला मासा उताणा तरंगताना दिसला. हौसाबाई पन्नाशीची, जिभेला हाड नसलेली. तिनं चहाच्या गाळणीनं तो उचलला. “मेलंय वो. कालच वर यिऊन आ करत हुतं. भुकेजलेलं असंल.”

“मी संध्याकाळी उकडलेल्या अंड्याचा बलक घातला होता,” निलांबरी म्हणाली. “अशक्त वाटत होता.”

“मग आनि घाला की. बाळंतिणीला आपन कसं, दोन-दोन तासांनी.”

बाळंतपणाच्या घरात अशक्ताला एकच औषध माहीत असतं. त्या दिवसापासून माशांना तीन वेळा बलक सुरू झाला. मी माझ्या टेबलावरून बघत होते. पाणी काचेसारखं होतं.

त्याच दुपारी नेसरीकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. सुनेचा आठवा महिना. बाकावर बसून सासू बोटानं मोजत होती. एकदा मोजलं, परत मोजलं.

“नऊ हैत म्हनं हितं, नव्हं?” तिनं मला विचारलं.

“होय.”

“मग ही आठच कशी?”

मी काही बोलायच्या आत हौसाबाई बोलली, “योक गेला की सकाळी.”

सासूबाईंनी सुनेचा हात धरला. “ऊठ ग.”

“आत्याबाई, नंबर आलाय आपला.”

“ऊठ म्हनते न्हवं. सातव्यात झालेलं जगतंय, आठव्यातलं न्हाई. आनि हितं आठच्या आठ फुडं मांडून ठेवल्यात.”

गेल्या त्या दोघी, बाजारपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरकडं. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी निलांबरीला हॉलमध्येच गाठलं. आवाज चढवला नाही. मॅडम आवाज चढवत नसत, चष्मा काढत.

“निलांबरी, एवढं एक काम.”

“मी लक्ष देते, मॅडम.”

“नवीन आणायचे नाहीत. आहेत ते जगव. पेशंट मोजतात.”

मी खाली मान घालून नोंद लिहीत होते. मॅडमनी चष्मा काढून बघितलेलं, आणि ते माझ्याकडं नाही, असं बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी घरी जाऊन मी पुरणपोळी केली. नवरा म्हणाला, “आज काय आहे?” मी म्हटलं, “काही नाही, डाळ जुनी होत होती.”

निलांबरीनं लक्ष दिलं, म्हणजे शिकलेली नर्स जे करेल ते केलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळी आले तेव्हा ती निर्जंतुकीकरणाच्या खोलीत होती. सुया, कात्र्या, चिमटे ज्या भांड्यात आम्ही उकळायचो, त्याच्या शेजारी दुसरं पातेलं. त्यात काळा स्पंज.

“हे काय ग?”

“बघा ना ताई, किती घाण धरली होती. तपकिरी, चिकट. बोट लावलं तर बुळबुळीत.” तिनं चिमट्यानं स्पंज उलटला. “जंतूंचं आगरच. यातूनच पाणी फिरतं, मग मासे मरतील नाहीतर काय होईल? वीस मिनिटं उकळते. आता रोज करणार.”

“रोज?”

“ऑपरेशनचे कपडे आपण रोज करत नाही का?”

तिच्या कपाळावर वाफ जमली होती. इतक्या प्रामाणिकपणे चुकणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दही लागायला लागलं होतं, आणि ती रोज सकाळी भांडं उकळत होती. तोंडातून शब्द निघायला आला होता. तेवढ्यात मॅडम दारात आल्या.

“वा,” मॅडम म्हणाल्या. “हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं.”

शब्द आत गेला.

दहाव्या दिवशी एक गेला, बाराव्या दिवशी आणखी एक. उरले सहा. बायका आता टाकीकडं पाठ करून बसत. निलांबरीचे डोळे खोल गेले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती टाकीसमोर उभी राहायची, नाडी बघावी तशी माशांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजायची. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. हॉल रिकामा होता. हौसाबाई लांब जिन्याशी फरशी पुसत होती.

“इंदूताई, एक विचारू?”

“विचार की.”

“तो माणूस टाकी लावून गेला तेव्हा मी आत होते. जाताना तो काही म्हणाला होता का? काय करायचं, काय नाही?”

वही माझ्या कोपराखाली होती. पुठ्ठ्याचं एक टोक पानांच्या बाहेर आलं होतं, नखाएवढं. तिला दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

“स्वच्छता ठेवा म्हणाला,” मी म्हणाले.

“एवढंच?”

“एवढंच. तुझ्यापेक्षा जास्त काय ठेवणार कोण?”

ती हसली. दमलेल्या माणसाला कौतुकाचा घोट मिळाला की तो हसतो तशी. “थँक्यू ताई,” म्हणाली.

नंतर मला कुणी विचारलं, म्हणजे मीच मला विचारलं, की तिनं अस्लमला सरळ फोन का केला नाही? नंबर मॅडमच्या डायरीत होता. उत्तर सोपं आहे. तिनं मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं. जिथं शिकली तिथं तिला हेच शिकवलं होतं. एकीची पाळी संपताना ती दुसरीला सांगते, आणि दुसरी ते धरून चालते.

तिसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं. निलांबरीनं पदर खोचला. मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, खडे उकळले, काच जंतुनाशकानं पुसली, चार वेळा धुतली, आणि नळाची नळी लावून थेट टाकी भरली. पाण्याला नगरपालिकेच्या औषधाचा वास येत होता. तिला तो वास आवडला. “आता कसं स्वच्छ वाटतं,” ती म्हणाली.

तीन दिवसांत चार मेले.

चौथा हौसाबाईनं गाळणीत घेतला तेव्हा मीच म्हणाले, “लवकर ने मागं, पेशंट येतील.”

“मोगऱ्याला घालत्ये. सहा घातले तितंच. झाड बगा कसं हिरवंगार झालंय.” मग तिनं आवाज उतरवला. “इंदूताई, ही पोरगी कालपासनं जेवली न्हाई.”

“मग मी काय करू?”

“तुमी काय करनार,” हौसाबाई म्हणाली, आणि गाळणी घेऊन गेली. तिच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. पण ती एकदा मागं वळून बघून गेली.

उरले दोन. पाडव्याला दहा दिवस राहिले होते. मॅडमनी वरच्या मजल्याच्या निमंत्रणपत्रिका छापून आणल्या. ‘इनचार्ज’ची पाटी रंगवायला टाकायची होती, ती टाकली नाही. चार वाजता मला आतून बोलावणं आलं. स्टूल रिकामं होतं. मी बसले. चहा गोड होता.

“इंदूताई, माझा अंदाज चुकला की काय या मुलीबद्दल?” मॅडम म्हणाल्या.

“लहान आहे अजून,” मी म्हणाले. यापेक्षा धारदार वाक्य मला आजतागायत सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर हॉलच्या कोपऱ्यात दोन बादल्या झाकून ठेवलेल्या. शेजारी निलांबरी. टाकीतून तांब्यानं पाणी काढत होती. मग डबीतला स्पंज काढला, काढलेल्या पाण्यात एकदाच हलकेच पिळला आणि परत बसवला. झाकलेल्या बादलीतलं पाणी हळूहळू, हात धारेखाली धरून, टाकीत सोडलं. चिमूटभर खाणं टाकलं. उरलेलं बरणीत बंद केलं.

माझे पाय दारातच थांबले. तिला कळलं होतं.

“काल मॅडमच्या डायरीतून नंबर घेतला,” ती पाठ न वळवता म्हणाली. “दुकानात होता तो.”

“बरं केलंस.”

“इंदूताई, तुमच्या घरी विरजण कशात लावता?”

मी म्हणाले, “चिनी मातीच्या बरणीत.”

“रोज उकळता ती?”

दोन मासे तळाशी होते, वर आले नव्हते. तोंड मिटलेलं.

“मी विसरले ग,” मी म्हणाले.

ती वळली. रागावलेली असती तर मला जमलं असतं. भांडणात मी कधी हरले नाही. पण ती केसपेपर वाचावा तशी माझ्याकडं बघत होती.

“नाही ताई. विसरला असता तर मी विचारल्यावर आठवलं असतं.” तिनं हात पुसले. “मासे गेले त्याचं एवढं काही नाही. पण उद्या तुम्ही म्हणाल, ‘तीन नंबरचं बीपी बघितलंय, नीट आहे,’ आणि मला परत जाऊन बघावं लागेल. दर वेळी. इंजेक्शन दिलं म्हणाल, मला बाटली शोधावी लागेल. एखाद दिवशी मी दुसरीकडं असेन, बघायचं राहून जाईल. असं नाही करता येत प्रसूतीच्या खोलीत.”

“मॅडमना सांगणार?”

“काय सांगू? की माझी खोली इंदूताईंनी घालवली? म्हणजे मग खोल्या मिळतील मला. आणि तुम्ही आणि मी शेजारी शेजारी काम करू.” ती हसली नाही. “आईला मी कबूल करून बसलेय पाडव्याचं. ते माझं मी बघते.”

त्याच दुपारी तिनं मॅडमकडं जाऊन नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. मिरजेला जुन्या ठिकाणी बोलावलंय, म्हणाली. बोलावलेलं नव्हतं, तिथं पोचून तिला चार महिने वाट बघावी लागली, हे मला नंतर कळलं. मी दाराबाहेर केसपेपर लावत होते. पडदा पातळ होता.

“माशांवरून बोलले ते मनावर घेतलंस का?” मॅडमचा आवाज.

“नाही मॅडम. टाकी इंदूताईंकडं द्या. त्यांना त्यातलं सगळं कळतं.”

“इंदूताईंना?”

“पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे त्यांना. मीच चुकत गेले.”

मॅडमना ते कौतुक वाटलं. पाडव्याच्या पूजेला त्यांनी चार माणसांत सांगितलं, “निलांबरी जाताना म्हणाली, इंदूताईंना सगळं ठाऊक असतं.” लोकांनी माना डोलावल्या. प्रसादाचा शिरा माझ्या हातात तसाच गार झाला.

पूजा आटोपल्यावर मॅडम मला वर घेऊन गेल्या. दोन खोल्या. ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत आलेलं.

“आता तुम्हीच या इथं राहायला,” त्या म्हणाल्या.

“मी? माझं घर आहे की, मॅडम. सात मिनिटांवर.”

“रात्रीच्या घंटेला इथं कुणीतरी हवं ना. त्यासाठीच तर निलांबरीला ठेवणार होते. तुमचे गुडघे बघून म्हटलं, आता इंदूताईंना रात्रीच्या हाका नकोत.”

“आणि किल्ल्या?”

“किल्ल्यांचं काय?”

“किल्ल्या तिच्याकडं जाणार होत्या ना?”

मॅडमनी चष्मा काढला. “तुमच्याकडच्या किल्ल्या तिच्याकडं कशाला जातील? कागदावर इनचार्ज ती, दवाखाना तुमचा. असंच ठरवलं होतं मी.”

कागदावर लागेल तशी एक शिकलेली मुलगी मॅडमनी पुढं दर वर्षी-दोन वर्षांनी शोधली. एकही टिकली नाही. वरच्या खोल्यांत मी अकरा वर्षं राहिले. नवरा जुन्या घरी, जेवणाचा डबा त्याच्याकडून माझ्याकडं यायचा, तो म्हणायचा, “लग्न झालं तेव्हा तू नांदायला आली होतीस, आता मी डबा घेऊन नांदायला येतो.” रात्री दोनला घंटा वाजली की जिन्याला सोळा पायऱ्या. टाकीही माझ्याकडं. शिळं पाणी, नवं पाणी, स्पंज कधी नळाखाली नाही. पावसाळा लागेपर्यंत पाणी मुरलं. ते दोन मासे टिकले, एक सहा वर्षं, एक नऊ. वाढून तळहाताएवढे झाले होते. बायका कौतुकानं म्हणायच्या, “इंदूताईंचा हात चांगला आहे.”

मग गुडघे संपले. शस्त्रक्रियेला मला मिरजेला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात राऊंडला आली ती मेट्रन निलांबरी होती. केस तसेच चापून बसवलेले, थोडे पांढरे.

“इंदूताई,” ती म्हणाली. “दुखतंय का फार?”

“सोसतंय.”

तिच्यामागं एक कोवळी नर्स होती. ती म्हणाली, “मॅडम, बीपी बघितलंय, नीट आहे.”

“बघितलंयस ना? मग झालं,” निलांबरी म्हणाली, आणि कागदावर सही केली. परत पट्टा बांधून बघितलं नाही. ते तिनं मला दाखवायला केलं नसणार. तिथं रोज तसंच चालत असणार.

मग तिनं माझं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडं बघत. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, “आई कशी आहे ग?”

तिचे ओठ मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाली, “आई त्याच पावसाळ्यात गेली, ताई. गावच्याच घरी. मला इथं खोली मिळाली ती दिवाळीत.” मग कागदावर लिहिलं, “बहात्तर,” आणि पुढच्या खाटेकडं गेली.

पडल्या पडल्या मी हिशेब पुरा केला. सात मासे, ते त्याच वर्षी माझ्या नावावर लिहिले होते. अकरा वर्षांच्या घंटा, दोन गुडघे, नवऱ्याचा डबा, तेही माझ्याच नावावर, तक्रार नाही. मॅडमनी एक चांगली नर्स घालवली. निलांबरीनं चार महिने. कोरड्या खोलीत दमा हटतो असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, हे वाक्य मी स्वतःला बरेचदा म्हणून दाखवलंय. पण पहिल्या दिवशी, टाकीत पाणी पडायच्या आधी, त्या म्हातारीला मी निलांबरीच्या फायद्यात धरलं होतं. किंमत मोजणाऱ्यांत सगळ्यात वर तिचं नाव निघालं, आणि मी तिचा चेहराही कधी पाहिलेला नव्हता.